वडिलांच्या रकान्यात ‘हयात’

धनू, तुझं मशीन अजून तुझ्याच बोलीत बोलतं.

तुझी तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी दुपारी मी भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या तुझ्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरलो आणि तुझ्या खुर्चीत बसलो. आपल्या समाजमंडळाच्या वेबसाइटचं पान उघडलं. तुझ्या पोरीचा, रश्मीचा, मी लिहिलेला कागद समोर ठेवला, एक्सेलमध्ये उतरवला आणि फॉर्म आपोआप भरणारी तुझी स्क्रिप्ट सुरू केली. मी कशालाही हात लावला नाही, तरी जिल्ह्याच्या डब्यात ‘भंडारा’ येऊन बसला. मग पडद्याच्या मधोमध तुझी पाटी उभी राहिली : ‘भाऊ, घाई करू नको. तालुका येऊन राहिला.’

मी ‘बरं’ म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. बाहेरच्या पंक्चरवाल्यानं वाकून पाहिलं, आत मी एकटाच. तो तसाच मागे सरकला आणि बराच वेळ त्याच्या हातोडीचा आवाज आला नाही.

तुला ही सगळी गोष्ट माहीत आहे. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही, हेही तुला माहीत आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात नि प्रत्येक तेरवीत मी तोंड उघडलं की तू मागून म्हणायचास, ‘भाऊ, मागच्या वेळी साप हातभरच होता.’ तुझ्या तेरवीला मी ती लहानपणची सापाची गोष्ट सांगितली. साप खाटेएवढा झाला. कुणी अडवलं नाही. सगळे मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मला कळेना, आता याला आवरू कसा.

तर पहिल्यापासून. दर वर्षी दिवाळीनंतर मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा असतो. विदर्भातून येऊन इथे पोलादाच्या प्लांटात लागलेल्या आपल्या माणसांना प्रत्येक सोयरिकीसाठी गावाकडची गाडी पकडावी लागू नये म्हणून कुणीतरी तो सुरू केला. पोरापोरींचे बायोडेटा हातानं लिहून येतात. ते मंडळाच्या वेबसाइटवर चढवायचे आणि तिथून पुस्तिका छापायची. वेबसाइट करणाऱ्यानं लिहिण्याचं काम फारसं ठेवलंच नव्हतं. शिक्षण, उंची, जिल्हा, तालुका, वडील, आई, सगळीकडे ड्रॉपडाउन. डबा दाबा, खाली यादी उघडेल, त्यातून निवडा, पुढच्या डब्याकडे जा. तू दिवसभर दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस, त्यावर हे. तुझं मनगट सुजलं तेव्हा तू ती स्क्रिप्ट लिहिलीस. कागदावरची माहिती एक्सेलमध्ये टाकायची, मग यादीतून निवडायचं काम स्क्रिप्ट करणार. आणि एक्सेलमध्ये टाकायला तू मला बसवलंस.

मला! मी प्लांटमध्ये क्रेन चालवतो. टनांचं लोखंड वरून असं उतरवतो की खाली उभ्या माणसाच्या चहाला धक्का लागत नाही. पण माऊस हातात आला की माझ्या बाणाला पडद्याबाहेर जायचं असतं. म्हणून तर तू त्या पाट्या घातल्यास. ‘भाऊ, घाई करू नको.’ ‘भाऊ, मधात कायले हात लावत नको जाऊ.’ ‘झालं. आता चहा पी.’ दुसऱ्या कुणासाठी नव्हत्याच त्या. ते मशीन ओळखत होतं एकट्या मला.

इंटरनेट पाहायच्या खिडक्या, म्हणजे ब्राउझर, आपल्याकडे तीन होते, आणि चिन्हांवरून तू त्यांना नावं ठेवली होतीस : निळा ई, चकरी आणि कोल्हा. एकच स्क्रिप्ट, पण तिघांशी तीन तऱ्हांनी वागावं लागायचं. पहिल्यांदा तू मला ते समजावलंस तो दिवस आठवतो. मी म्हणत होतो, झालं की काम, दिसतो आहे भंडारा डब्यात, मग तालुक्याची यादी रिकामी का?

‘भाऊ, डब्यात नाव बदललं म्हणजे पानाले कळलं असं नाही.’

‘दिसून तर राहिलं.’

‘तुले दिसून राहिलं. पानाले कोणी सांगतलं? आपण हातानं निवडलं की ब्राउझर पानाले सांगते, बदललं म्हणून. स्क्रिप्टनं बदललं तर तो चूप. मग आपल्यालेच हाक मारा लागते, तवा पान तालुक्याची यादी आणाले जाते.’

‘मग मार नं हाक.’

‘मारतो. पण निळ्या ईले हाक मारायची तऱ्हाच वेगळी आहे. आपल्या बाबासारखा आहे तो. अहो म्हटल्याशिवाय मान वर करत नाही.’

चकरीची तऱ्हा उलटी. ती एवढी घाईची की तालुक्याची यादी यायच्या आतच स्क्रिप्ट पुढे निघून जायची, रिकाम्या यादीतून काहीच न निवडता. मी म्हणालो, सरळ पाच मोजायला लाव तिला. तू मान हलवलीस. ‘नेट स्लो असलं तर? पाच मोजल्यानं कोणी येते का? यादी आली का, हेच विचारा लागते.’ आणि तसंच केलंस. यादी आली का, आली का, आली का, असं स्क्रिप्ट विचारत राहते, आणि आल्यावरच पुढे सरकते.

कोल्ह्यात स्क्रिप्ट बसवणं सोपं, म्हणून काम कोल्ह्यात चालायचं. पण त्याची खोड सगळ्यांत वाईट. चकरीत पान नव्यानं आणलं की सगळे डबे कोरे होऊन येतात. कोल्हा विसरत नाही. आधीच्या माणसासाठी जे निवडलं होतं ते तो तसंच डब्यात ठेवून देतो, आणि वर नवं नाव चढतं.

पहिल्या वर्षी याच खोडीनं घोटाळा केला. एका पोरीचे वडील खरोखर गेलेले होते. तू वडिलांच्या डब्यात ‘स्वर्गवासी’ निवडलंस, पान पाठवलंस, पुढच्या पोरीसाठी ते परत आणलंस. त्या डब्याला स्क्रिप्ट हातच लावत नव्हती, कारण यादीत पहिलाच शब्द ‘हयात’ आणि बहुतेकांना तोच लागू. पण कोल्ह्यानं ‘स्वर्गवासी’ धरून ठेवलं, आणि तिच्यामागून आलेल्या सगळ्या पोरापोरींचे बाप एका दुपारीत गेले. पुस्तिकेची पहिली प्रत छापखान्यातून आली ती घेऊन मंडळाचे सचिव मेंढेकाका सायकल दामटत थेट दुकानात.

‘धनू, मले केव्हा मारलं रे तुनं?’

‘काका, बसा तं आधी.’

‘कसा बसू? माह्या पोरीच्या बायोडाट्यात मी स्वर्गवासी! अन् तिची माय हयात!’

‘काका, हे कोल्ह्याचं काम आहे.’

‘कोल्हा? कॅम्पात?’

‘कम्प्युटरमंधला, काका.’

मेंढेकाका बसले. पाणी प्यायले. पुस्तिका परत एकदा चाळली आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘माह्या शेजारचा म्हातारा पण मेला दिसते याच्यात. त्याले आज नको सांगू. त्याचं बीपी आहे.’

त्या संध्याकाळी तू स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवलीस. वडिलांचा डबा ‘हयात’वर आणायचा. आणि कोल्हा मागाहून कधी जुनं आणून ठेवेल याचा भरवसा नाही, म्हणून एकदा करून थांबायचं नाही. पान पाठवेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं परत पाहायचं, आणि दुसरं काही दिसलं तर परत ‘हयात’ करायचं.

‘आता कोणाचा बाप मरत नाही, भाऊ,’ तू म्हणालास. काय हसलो होतो आपण.

मग रश्मीचा विषय. तो आपल्यात अर्धाच राहिला. तुझी पोर दुर्गच्या कॉलेजात शिकवते, तिच्या मैत्रिणी पुस्तिकेतून येऊन-जाऊन झाल्या, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, आणि तिचं नाव तू एकदाही पुस्तिकेत टाकलं नाहीस. मागच्या वर्षी सेक्टर ६ च्या बाजारात, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन मी म्हणालो,

‘धनू, या वर्षी रश्मीचं नाव टाकू.’

‘नाही.’

‘कावून?’

‘ती काय तालुका आहे का, यादीतून निवडाले?’

‘लोकाइच्या पोरी तर तूच चढवतो.’

‘त्याइचे बाप कागद आणून देते. मी नाही दिला.’

‘म्हणजे लोकाइच्या पोरी यादीत, अन् आपली फडताळात.’

तुला ते लागलं. तू पिशवी स्कूटरला अडकवलीस आणि किक मारत राहिलास. स्कूटर सुरू होईना. मी एका बाजूला पाहत उभा, तू दुसऱ्या. ‘संध्याकाळी बोलू,’ म्हणालास. ती संध्याकाळ आलीच नाही असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण तू मागून खोकशील. संध्याकाळ आली. तू क्वार्टरवर आलास, तुझ्या वहिनीच्या हातचा चहा प्यायलास, मॅच पाहिलीस, कोथिंबीर महाग झाली यावर आपण दोघं बोललो. त्या विषयाला कुणीच हात लावला नाही. अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्या. मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तू गेलास.

आणि लोक लगेच हिशेब करायला लागले. बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा आपल्यातला रिवाज. तेरवीच्या पंगतीतच मेंढेकाका माझ्याजवळ सरकले. ‘पुस्तिका छपाईले जाऊन राहिली. पोरीचं नाव याच साली टाकून दे. मागं कोण आहे आता तिच्या? तूच नं?’ रश्मीची आई, तुझी मंदा, पलीकडे बसली होती. तिनं ऐकलं. ती हल्ली हो म्हणत नाही नि नाहीही म्हणत नाही. तूरडाळ निवडायला घेते आणि निवडलेलीच परत निवडते.

म्हणून मी त्या रविवारी तुझ्या खुर्चीत होतो. एकीकडे मेंढेकाकांचं वर्ष, दुसरीकडे तुझं ‘नाही’. मी वर्षाच्या बाजूनं झालो. तू नव्हतास म्हणूनच झालो, खरं तर. तू असतास तर अजून कोथिंबिरीवर बोलत बसलो असतो.

तालुका आला. शिक्षण आलं, उंची आली. वडिलांच्या डब्यात स्क्रिप्टनं ‘हयात’ आणून ठेवलं.

मी माऊस नेला. यादी उघडली. ‘स्वर्गवासी’वर दाबलं. आलं. हात काढला, चष्मा पुसला, परत घातला, तर ‘हयात’.

माझा हात पाहता मीच चुकलो असणार, असं वाटणं योग्यच होतं. परत निवडलं. या वेळी चष्मा पुसला नाही, पाहत राहिलो. शब्द डब्यात नीट बसलेला होता. आणि मग, कुणी काही ढकललं नाही, आवाज नाही, पापणी लवावी इतक्यात तो दुसरा झाला. हयात.

मला ती ओळ माहीत होती रे. माझ्यासमोर लिहिलीस. भट्टीच्या वर इतकी वर्षं लोंबकळणारा माणूस मी, भूत-बीत मानत नाही. तरी मान वळवून मागे पाहिलं. मागे कॅलेंडर, तुझा नॅपकिन, आणि अर्ध्या शटरखालून आलेलं ऊन.

आणि मग, तुला सांगतो, मी मुद्दाम करायला लागलो. ‘स्वर्गवासी’ निवडायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि वाट पाहायची. तू यायचास. परत निवडायचं. परत यायचास. मध्येच मला भीती वाटायची, या वेळी नाही आला तर? आणि तू आलास की दुसरी भीती, की हे मी कितीदा करणार आहे? जेवायची वेळ टळून गेली. भावाला एवढ्यांदा मारणारा आणि एवढ्यांदा परत मिळवणारा माणूस भिलाईत दुसरा नसेल.

शटर वाजलं. रश्मी जेवणाचा डबा घेऊन आली होती.

‘मोठेबाबा, काय करून राहिले तुम्ही? जेवायचं नाही का?’

मी पडदा झाकायला गेलो आणि माझ्या हातानं तो अजूनच मोठा झाला. तिनं स्वतःचं नाव वाचलं.

‘माझा बायोडाटा?’

‘मेंढेकाका म्हणत होते...’

‘मेंढेकाकाले करायचं आहे का लग्न?’

मी काही बोलायच्या आत वडिलांचा डबा बदलला. तिनं ते पाहिलं. स्टूल ओढून ती शेजारी बसली.

‘हे आपोआप झालं?’

‘तुह्या बाबाची ओळ आहे. कोणाचा बाप मरू देत नाही.’

‘एक बार और करो.’

मी केलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. तू आलास. तिनं माझ्या हातातून माऊस घेतला आणि स्वतः एकदा केलं. तू तिच्यासाठीही आलास. तिचे डोळे भरले, आणि ती हसलीही. तुझ्यासारखी, एका गालानं.

तेवढ्यात माझ्या जड डोक्यात एक गोष्ट शिरली. ‘रश्मी, मग बाकीच्या पोरींचं कसं होत होतं? ज्याइचे बाप खरंच नव्हते? ही ओळ तर सगळ्याइलेच जिवंत करते.’

‘ते कागद बाबा अलग काढत होते. तुम्हाले द्यायचेच नाही. घरी आणायचे अन् स्क्रिप्ट बंद करून हातानं भरायचे, एकेक डबा. मी म्हटलं, बाबा, एक कंडिशन लिही ना, दो मिनट का काम है. म्हणे, राहू दे. एवढं माणसानं करावं.’

म्हणजे इतकी वर्षं तू मला फक्त जिवंत बापांचे कागद देत होतास. मला वाटायचं, माझा वेग पाहून तू माझं काम कमी करतोस.

मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग जे मेंढेकाकांनी मला विचारलं होतं, मी तुला विचारलं होतं, आणि तू स्वतःच्या मनाला विचारून ‘नाही’ म्हणून टाकलं होतंस, ते मी त्या पोरीला विचारलं.

‘तुले टाकायचं आहे का नाव? नसन तर मी मेंढेकाकाले सांगतो. तीन वर्षं तर तीन वर्षं.’

‘टाका.’

‘टाकू?’

‘मले बाबाले मागच्याच साली सांगायचं होतं, टाक म्हणून. पण तो माझ्यासाठी तुमच्याशी इतका भांडून राहिला होता, मग कैसे बोलती?’ तिनं नाक पुसलं. ‘पण ते वर्षाच्या आत वगैरे मी काही करणार नाही. मुलगा आवडला तर करीन. नाही आवडला तर बसा मोजत. अन् उंची चूक टाकली तुम्ही. इतकी बुटकी नाही मी.’

ऐकतोस ना धनू? आपण बाजारात पिशव्या घेऊन भांडलो, आणि ती आतून माझ्या बाजूनं होती. आणि शेवटी तिनं केलं तेच, जे तुझ्या बाजूचं होतं. यादीत गेली, पण निवडणार ती. म्हणजे जिंकलं कोण, हे आता बसून ठरवायला हवं होतं, चहा घेऊन, आवाज चढवून. मी घरी जाऊन कुणाला सांगू, की माझं अर्धं बरोबर होतं? अर्धं बरोबर असण्यात मजा तेव्हाच, जेव्हा उरलेलं अर्धं घेऊन समोर कुणी बसलेलं असतं.

तुझे उपकार असे फुटकळच आठवतात. तू मला संगणक शिकवला असं लोकांना वाटतं. तू मला एवढंच शिकवलंस, की समोर दिसतं ते पानाला कळलेलं असेलच असं नाही. तुझं जाणं मला रोज दिसत होतं. खाटेवर, पंगतीत, मंदाच्या कपाळावर. दिसत होतं.

रश्मीनं स्क्रिप्ट बंद केली आणि कोल्ह्यातलं पान कोरं करून घेतलं. हातानं भरायला लागली. जिल्हा निवडला, आणि तालुक्याची यादी आपली आपण आली. उंची तिनं तिची टाकली, थोडी वाढवूनच टाकली असं मला वाटतं. मग वडिलांचा डबा. यादी उघडून ती थांबली. मी बाहेरच्या पंक्चरवाल्याच्या टबातलं पाणी पाहायला लागलो.

‘मोठेबाबा, इकडं पाहा ना,’ ती म्हणाली. ‘मी एकटी नाही करणार.’

मी पाहिलं. तिनं दाबलं, आणि हात काढून मांडीवर ठेवले. मीही ठेवले. बाहेरून एक ऑटो गेला, कुणीतरी शेळी हाकलली. आम्ही दोघं डब्याकडे पाहत वाट पाहत राहिलो, पाहिजे त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

शब्द हलला नाही.

‘पाठवू?’ तिनं विचारलं.

‘पाठव,’ मी म्हणालो.